अनुभव धागा: उष्ण कटिबंधातलं बेट, पार्टी सोडून बाकी सगळं

बेटावर जायचं म्हणजे रात्री मोठ्या आवाजात गाणी आणि सकाळी अकरापर्यंत झोप, एवढंच असतं असं वाटून कंटाळणाऱ्यांसाठी हा धागा. प्रवासवर्णनं नकोत. 'खूप मजा आली' हे तर मुळीच नको. जे करता येतं ते कसं करायचं, किती वाजता, सोबत काय घ्यायचं आणि कुठे फसतं, तेवढं लिहा, वर आपलं टोपणनाव टाकून. सुरुवात भरती-ओहोटीपासून करते, कारण बाकीचं सगळं वेळापत्रक तीच ठरवते.

बहुतेक ठिकाणी दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. काल सकाळी ७ ला जो खडक पूर्ण उघडा होता, तो आज ७.५० च्या सुमारास तसा दिसेल. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा ओहोटीही सगळ्यात खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी, तेव्हा खडकावर फारसं काही उघडं पडत नाही. ताहितीसारखं एखादं बेट याला अपवाद निघतं. तिथे चंद्रापेक्षा सूर्याचा जोर जास्त, त्यामुळे भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळांचं कोष्टक त्याच बेटाचं आणि जवळच्या बंदराचं घ्या.

आणखी एक हिशेब. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाचे १२ भाग केले तर पहिल्या तासात १ भाग येतो, दुसऱ्यात २, तिसऱ्या-चौथ्यात ३-३, मग २ आणि १. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटी फिरल्यावर तासभर 'अजून काही चढलं नाही' असं वाटतं, आणि माणसं अडकतात ती याच भरवशावर.

तिरका खेकडा

याला जोडून खडकातल्या डबक्यांबद्दल. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा, उतरत्या पाण्याच्या मागोमाग बाहेर चालत जा आणि कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. पायात जाड तळव्याचे बंद बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात आणि बोटं उघडी राहतात. चालायचं ते वाळूवर आणि नागड्या खडकावर. जिवंत प्रवाळावर पाय दिला की ते मोडतं आणि नडगीही सोलवटते. प्रवाळाचा ओरखडा लहान दिसतो, पण त्यात बारीक कण राहून चिघळतो. गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच घासून धुवा.

लोक दहा डबकी पाहतात आणि 'काहीच नव्हतं' म्हणतात. एकच डबकं निवडा, सूर्य समोर ठेवून बसा म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही, आणि पंधरा मिनिटं हलू नका. पहिली दोन-तीन मिनिटं खरंच काही दिसत नाही. मग तळाशी पडलेल्या शंखांपैकी एक चालायला लागतो, तो शंखातला खेकडा. मग खडकाच्याच रंगाचा बोटभर मासा पुढच्या परांवर टेकून उभा राहतो. धोंडा उचललात तर खालचे जीव चिरडणार नाहीत अशा बेताने तसाच परत ठेवा, खालची बाजू खाली. उलटा ठेवला तर सावलीतले जीव उन्हात मरतात.

शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख जिवंत असू शकतो. तो हातात घ्यायचा नाही, खिशात तर नाहीच. काही जातींच्या दंशाने माणूस दगावतो.

निळा पंखा

स्नॉर्कलिंगवर (मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली बघणं) सविस्तर लिहितो, कारण बिघडतं ते नव्वद टक्के मास्कमुळे आणि लोक दोष देतात समुद्राला.

पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो मास्क तुमचा. घसरला तर पट्टा कितीही आवळा, गळणारच. उलट फार आवळल्याने सिलिकॉनची कड दुमडते आणि जास्त गळतो. केसांची एक बट आत आली तरी पाणी शिरतं. मिशी असेल तर नाकाखालची पट्टी कातरा किंवा थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

नवा मास्क हमखास धुकट होतो, कारण काचेवर कारखान्यातला पातळ थर शिल्लक असतो. पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) काचेच्या आतून बोटाने दोन मिनिटं घासा, धुवा, आणि हे तीन-चार वेळा करा. पुढे दर वेळी कोरड्या काचेवर थुंकी चोळून एकदाच विसळायचं. बाहेर आलात की मास्क कपाळावर चढवू नका, घामाने परत धुकं धरतं. गळ्यात सोडा.

कमरेइतक्या पाण्यात दोन गोष्टी पाच-पाच वेळा करून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक, नळीत पाणी भरलं की 'टू' म्हटल्यासारखी एकच जोरकस फुंकर, आणि त्यानंतरचा श्वास हळू, कारण तळाशी थोडं पाणी राहिलेलं असतं. दोन, मास्कमध्ये पाणी आलं की वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान जराशी वर करायची आणि नाकाने श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. श्वास एरवीही लांब आणि संथ ठेवा. भराभर उथळ घेतला तर नळीतली वापरलेलीच हवा परत आत येते आणि धाप लागते.

खाली बुडी मारणाऱ्यांनी आधी जोरजोरात श्वास घेऊ नयेत. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो आणि 'आता वर चल' ही सूचना उशिरा मिळते. माणूस पाण्यातच शुद्ध हरपतो.

वेळ शक्यतो सकाळची. वारा पडलेला असतो आणि पाणी नितळ. उथळ प्रवाळावर पूर्ण ओहोटीला जाऊ नका, पोट घासतं. एकदा स्थिर झालात की फक्त ऐका. सतत कुरकुर, चटचट असा आवाज येतो. त्यातला कडकड चावल्याचा आवाज पोपटमाशाचा. तो मेलेलं प्रवाळ खरवडतो आणि थोड्या वेळाने मागून पांढरी पूड सोडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर टॉवेल पसरलाय, तिच्यातला बराच भाग असाच आलेला असतो. मुलांना हे सांगून पाहा, दिवस सार्थकी लागतो.

उन्हापासून वाचायला क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा बरा. पालाऊ या प्रशांत महासागरातल्या बेट-देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला अपायकारक ठरवलेल्या घटकांच्या क्रीमवर बंधनं घातली आहेत. उन्हाने भाजतात ते मानेचा मागचा भाग, कानांच्या पाळ्या आणि गुडघ्यामागची लवण.

वल्हं

निळा पंखा यांच्याशी सहमत, पण प्रवाहाबद्दल लिहायचं राहिलं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असेल तर आतलं पाणी ओहोटीला कड्यातल्या फटीतूनच बाहेर पडतं. आत शांत दिसतं आणि फटीजवळ नदी वाहते. त्या तोंडाशी उतरत्या पाण्यात जायचंच नाही. इतरत्र नियम साधा: सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे दमल्यावर तोच परत आणून सोडतो. आणि पूर्ण चेहरा झाकणारे मास्क टाळाच. त्यांत पाणी शिरलं तर झटकन काढता येत नाहीत.

आता कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) आणि खारफुटी. चढत्या पाण्याबरोबर आत शिरायचं आणि भरती पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधीच तोंड वळवायचं. ओहोटीत अडकलात तर होडी चिखलात बसते आणि चिखलात उतरलात तर मांडीपर्यंत रुतता. निघण्याआधी होडीच्या मागच्या टोकाचं बूच घट्ट आहे ना, ते स्वतः फिरवून बघा. भाड्याच्या होडीत हे निम्म्या वेळा सैल असतं आणि पाऊण तासाने होडी जड का झाली हे कळत नाही. वल्हं हाताने ओढायचं नसतं. कंबर वळवायची, हात जवळजवळ ताठ. खांदे दुखले तर समजा की हातांनी ओढताय. माणशी तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी हवं. समुद्रावरून परत यायचं असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा.

आत गेलात की वल्हं मांडीवर ठेवा आणि वाहत राहा. काही झाडांच्या पानांच्या पाठीवर मिठाचे स्फटिक दिसतात, बोट फिरवून चाटून बघा. दुसऱ्या जातीची बीजं झाडावरच रुजून हातभर हिरव्या शेंगेसारखी लोंबतात आणि पडली की चिखलात उभीच रोवली जातात. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा मुलूख असेल तर हे सगळं सोडा, आधी चौकशी करा.

झोपाळू

पाण्यात न उतरणाऱ्यांचं काय, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून.

वाळू बघा. १० पटींचं हातभिंग आणि काळा कागद पुरे. चिमूटभर वाळू पसरली की प्रवाळाचे तुकडे, शंखांच्या कातळ्या आणि समुद्री साळिंदराचे तुटलेले काटे वेगळे दिसतात. व्हिनेगरचा एक थेंब टाका. फेसाळली तर ती चुन्याची, म्हणजे जिवांची. नाही फेसाळली तर खडकाची. काळी वाळू ज्वालामुखीच्या खडकातून येते. बघून झाली की तिथेच टाकायची, अनेक बेटांवरून वाळू आणि प्रवाळ नेणं गुन्हा आहे.

दुसरं काम म्हणजे झोळी. पट्टे निदान अडीच सेंटिमीटर रुंद हवेत, बारीक दोरी झाडाची साल कापते. दोरीचा उतार आडव्या रेषेपासून ३० अंश, आणि बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीवर. ताठ ओढलीत तर दोऱ्यांवर ताण कितीतरी पट वाढतो आणि पाठ दुखते. झोळीत सरळ झोपायचं नसतं, तिरकं झोपायचं, मग पाठ सपाट राहते. नारळ लागलेल्या माडाला बांधू नका, कारण वर बघितलं की कळेल.

काजवा

रात्रीचं मी लिहिते.

विषुववृत्ताजवळ तिन्हीसांजा फार आखूड असते. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. टेकडीवरून सूर्यास्त बघायला जाणार असाल तर डोक्याला बांधायची बॅटरी आधीच सोबत घ्या.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका अंश वर, तितका तुमचा उत्तर अक्षांश. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती साधारण १० अंश. दहाव्या अक्षांशावर ध्रुव एका मुठीवर येतो, विषुववृत्ताखाली दिसतच नाही. दक्षिणेला त्रिशंकू (क्रुसासारखे मांडलेले चार तारे) एप्रिल ते जूनमध्ये संध्याकाळी छान दिसतो. त्याचा लांब दांडा खालच्या टोकाकडून साडेचार पट पुढे वाढवा, तिथे दक्षिण ध्रुवबिंदू.

चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपास, नाहीतर चंद्र मावळल्यावर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनचा एक कटाक्ष ती घालवतो. पाणी स्थिर असताना काहीच दिसत नाही. हात हळूच फिरवा, निळसर ठिणग्या बोटांमागे येतात, कारण त्या सूक्ष्म जिवांना धक्का लागला तरच ते उजळतात.

कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर पांढरा उजेड नको, लाल चालतो, तोही स्थानिक वाटाड्याने सांगितला तर. कासव वर चढत असताना सगळ्यात बुजरं असतं, हललात तर परत पाण्यात जातं. मागे, खाली बसून राहा. हिरवं कासव एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालतं, पिल्लं सुमारे दोन महिन्यांनी निघतात, आणि वाळू जास्त तापली तर त्यांत माद्या जास्त. पिल्लं उचलून पाण्यात सोडू नका. वाळूत खणलेले खड्डे आणि किल्ले मात्र संध्याकाळी बुजवा. पिल्लं त्यांत अडकून बसतात आणि सकाळी खेकडे, पक्षी ती उचलतात.

तिरका खेकडा

दंशाबद्दल पुरवणी. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशवर व्हिनेगर ओतायचं. निळ्या फुग्यासारख्या तरंगणाऱ्यावर मात्र ते नको. तंतू काढून समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि मग सोसेल इतकं गरम पाणी, साधारण ४५ अंश, २० मिनिटं. काटेरी माशाच्या काट्यालाही तेच गरम पाणी, पण ३० ते ९० मिनिटं, आणि थेट दवाखाना. पाण्याचं तापमान जखम नसलेल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.