मदत हवी आहे: वॉर्डातल्या कोणत्या डॉक्टरांना काय विचारायचं?

नमस्कार मंडळी. माझ्या आत्याचं मांडीचं हाड मोडलंय, सोलापूरच्या सिव्हिलमध्ये ऑर्थोच्या वॉर्डात आहे. या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर सगळे आस्थेनं बोलतात, पण कुणाला काय विचारायचं हे आम्हाला ठरवता येत नाहीये.

मला एवढं माहीत आहे: एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यास संपला की १ वर्ष इंटर्न. मग नीट पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएसला (सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाला) आले की ३ वर्षं ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे जेआर १, २, ३. हेही पूर्ण डॉक्टरच, नुसते विद्यार्थी नव्हेत; रात्री-अपरात्री वॉर्डात तेच धावून येतात. त्यांच्या वर सिनिअर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर, युनिट हेड (म्हणजे डॉक्टरांच्या त्या गटाचे प्रमुख) वगैरे.

आत्याला शुगर आहे, शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती कधी थांबवायची हे युनिटच्या डॉक्टरांना विचारायचं की भूलतज्ज्ञांना? संमतीपत्रावर सही घ्यायला जेआर आले, तर ऑपरेशन कोण करणार हे त्यांनाच विचारावं का? मोठ्या सरांच्या राउंडला नातेवाइकांनी थांबलं तर चालतं का?

तिथं काम केलेलं किंवा पेशंटजवळ राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. आत्या फार घाबरलीय.