ट्रेलर ओढत यलोस्टोन आणि ग्लेशियर: जूनमधला बेत कुणी तपासून देईल का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही सहाजण निघतोय. आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि भारतातून येणारे सासू-सासरे. मिनियापोलिसहून आय-९० महामार्ग धरून बॅडलँड्स, ब्लॅक हिल्स, मग बिगहॉर्नचे डोंगर ओलांडून यलोस्टोन आणि शेवटी ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं. १० जूनला निघायचं, २६ला परत.

हिवाळ्यात २३ फुटी जुना हायब्रिड ट्रेलर घेतला. त्याच्या दोन्ही टोकांना बाहेर उघडणारे कॅनव्हासचे पलंग आहेत. रिकाम्याचं वजन ४,६०० पाउंड. आमची तीन रांगांची एसयूव्ही ८,००० पाउंड ओढते असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, त्यामुळे वजनाची चिंता नाही.

पहिल्याच दिवशी बॅडलँड्स गाठायचा विचार आहे. पाचशेहून जास्त मैल आहेत, पण नकाशा आठ तास दाखवतो. सासऱ्यांची पाठ धरते, तर ते चालत्या ट्रेलरमध्ये आडवे झाले तर चालेल का? आणि ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड ट्रेलरसकट करता येतो का? ट्रेलर मी आजवर दोनदाच ओढलाय, तोही जवळच्या तळ्यापर्यंत.

पहिलं उत्तर

ताई, बेत सुंदर आहे. पण "वजनाची चिंता नाही" हे वाक्य वाचून मी थांबले, कारण आठ वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हटलं होतं.

आत्ता गाडीपाशी जा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा पिवळा-पांढरा स्टिकर असेल. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती पाउंड चालतील, ते त्यावर छापलेलं असतं. हे तुमचं पेलोड. ८,००० हा आकडा ओढण्याचा आहे, पण ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याचं नाक गाडीच्या पाठीवर बसलेलं असतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या लोखंडी सांध्यावर, यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. हा सगळा भार पेलोडमधून वजा होतो. माणसं, बॅगा, कूलर आणि खुद्द हिचचं लोखंडही त्यातूनच. सहाजणांची गाडी इथंच अडते, ओढण्याची ताकद शिल्लक असूनही.

रिकाम्याचं वजन विसरा. भांडी, अंथरुणं, गॅसच्या टाक्या, खुर्च्या भरल्या की हजार-बाराशे पाउंड कधी चढले ते कळत नाही. पाण्याची टाकी प्रवासात शक्यतो रिकामी ठेवा. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पाउंडांहून जास्त. आणि निघायच्या आधी एकदा सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. पुढचा आक्सल, मागचा आक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात.

सासरेबुवांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवू नका. आत सीट बेल्ट नाहीत, आणि जोराचा ब्रेक लागला तर आतलं सगळं अंगावर येतं. बऱ्याच राज्यांत कायद्यानंही बंदी आहे. पाठीचं दुखणं मलाही आहे. त्यावर दर दीड तासाला उतरून दहा मिनिटं चालणं, एवढंच खरं उपयोगी पडतं.

म्हणूनच एका दिवसात पाचशे मैल नकोत. नकाशाचे आठ तास ट्रेलरसोबत दहा-अकरा होतात. पहिला मुक्काम मिचेलला करा, साधारण तीनशे मैलांवर. तीन वाजेपर्यंत पोचलात तर उजेडात ट्रेलर लावता येतो, मुलं खेळतात, जेवण वेळेवर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅडलँड्स.

आता टायर. दुसऱ्या वर्षी भर दुपारी आमच्या ट्रेलरचं उजवं चाक फुटलं. मागून धप्प आवाज आला, आरशात काळ्या पट्ट्या उडताना दिसल्या. थांबून पाहिलं तर चाकावरचा पत्रा फाटून वर वळला होता आणि टायरच्या तारा त्याला गुंडाळल्या होत्या. नक्षी नव्यासारखी होती म्हणून मी निर्धास्त होते. मग टायरच्या बाजूवरचा डीओटी कोड वाचला. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. टायर सात वर्षांचा निघाला! तुमचा ट्रेलर जुना आहे, तर आजच वाकून हे आकडे वाचा. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादाही ताशी ६५ मैलच असते, रस्त्यावरच्या पाटीवर ८० लिहिलेलं असलं तरी. हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर गार असताना पाहायची.

यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला आहेत, पण तिथं अस्वलांमुळे कॅनव्हासच्या भिंती चालत नाहीत. तुमचा हायब्रिड तिथं घेणार नाहीत. दुसरी जागा बघा.

गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई आहे, आणि त्यात गाडी-ट्रेलर मिळून लांबी धरतात. ट्रेलर कॅम्पात ठेवा आणि नुसत्या गाडीनं जा. दुसऱ्या बाजूला ट्रेलर न्यायचाच असेल तर दक्षिणेकडून यूएस २नं, मारियास पासवरून. मात्र वरचा बर्फ हटवून हा रोड पूर्ण उघडायला बहुधा जूनअखेर किंवा जुलैची सुरुवात उजाडते. तुमच्या तारखांना तो बंदच असायची शक्यता जास्त आहे.

दुसरं उत्तर

ताईंनी वर सांगितलंय त्यात बिगहॉर्नची भर घालतो. यूएस १४एनं ट्रेलर नेऊ नका, १० टक्क्यांचे उतार आहेत. बफेलोहून यूएस १६ धरा. पाउडर रिव्हर पास ९,६६६ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत पावपेक्षा जास्त गेलेली असते. हळू चढा. खाली येताना गिअर उतार लागण्याआधीच खाली घ्या. आम्ही उशीर केला होता आणि पायथ्याशी ब्रेकचा जळका वास येत होता. अर्धा तास थांबलो, मगच पुढे निघालो.

वाऱ्यानं ट्रेलर डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगनं भांडू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) पट्टी हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. पट्टी कुठं आहे ते न बघता सापडायला हवं, तेव्हा घरीच दहावेळा हात नेऊन बघा.

ब्लॅक हिल्समध्ये नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. तिथंही ट्रेलर नको, आणि मोठी एसयूव्ही आरसे मिटूनच.

प्रश्नकर्ती

तुमचे दोघांचे किती आभार मानू! स्टिकर पाहिला. पेलोड १,४३२ पाउंड. सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं, सहाजण मिळून ७६८. भरलेला ट्रेलर ५,८०० धरला तर १३ टक्क्यांनी साधारण ७५०, आणि हिच ९०. बेरीज १,६०८. एकही बॅग न ठेवता १७६ पाउंड जास्त. रात्री झोप लागली नाही.

आता ठरलंय ते असं. हे सासू-सासऱ्यांना घेऊन आमच्या छोट्या गाडीनं पुढे जाणार, तिथली पुढची सीट पूर्ण मागे झुकते. मी मुलांना घेऊन ट्रेलर ओढणार. टायरांवर २०१७ निघालं, चारही बदलतेय. निघायची तारीख २६ जून केली आणि परतणं बारा जुलैला.

एकच अडचण. ट्रेलर मागे घेताना तो नेहमी उलट्याच दिशेला जातो.

पहिलं उत्तर देणारी

दोन गाड्यांचा निर्णय अगदी योग्य. नवे टायर बसवल्यावर चाकांचे नट पहिल्या ५० मैलांत दोन-तीनदा टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) तपासा, ते सैल होतात.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, सहाच्या काट्यावर. ट्रेलरची शेपूट डावीकडे हवी तर हात डावीकडे, उजवीकडे हवी तर उजवीकडे. थोडंच वळवा आणि वाट बघा, ट्रेलर उशिरा ऐकतो. बिघडलं तर पुढे जाऊन सरळ करून घ्या, तिथंच झुंजत बसू नका. मुलीला फोन देऊन मागे उभं करा आणि तिला सांगा, आई आरशात दिसेनाशी झाली की लगेच "थांब" म्हणायचं. ती दिसली नाही की तुम्हीही थांबायचं. रविवारी सकाळी एखादं रिकामं पार्किंग गाठा आणि दोन बादल्या मांडून त्यांच्यामध्ये ट्रेलर लावून बघा.