साईटवर न्यायला तो झटपट तापणारा छोटा सोल्डरिंग आयर्न कामाचा आहे का?

काटेवाला_सांगली
नमस्कार मंडळी. माझं काम वजनकाटे आणि डेअरीतल्या फॅट मशीनच्या रिपेरिंगचं, अर्धं दुकानात आणि अर्धं गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर. बॅगेत सोल्डरॉन कंपनीचा साधा २५ वॅटचा आयर्न असतो, त्याची काही तक्रार नाही, पण संध्याकाळी केंद्रावर किटल्या घेऊन लाईन लागलेली, लोडसेलची (काट्यातल्या वजन मोजणाऱ्या सेन्सरची) एक वायर तुटलेली, काम दोन मिनिटांचं आणि आयर्न तापेपर्यंत सचिव डोक्यावर उभा. त्यात लाईट गेली की विषयच संपला. ते टीएस१०१, पाईनसिल असले पेनाएवढे टाईप-सी वर चालणारे आयर्न दहा सेकंदात तापतात म्हणे. कोणी रोज वापरतंय का, की नुसतं व्हिडिओत बघायला भारी? मोबाईलचा ६७ वॅटचा चार्जर आहे घरात, त्यावर चालेल ना?

जुना_सीआरटी
आमची अख्खी हयात टीव्ही उघडण्यात गेली, एक साधा आयर्न आणि राळेची डबी, बास. ह्या नवीन पेनांची एक टीप जेवढ्याला येते तेवढ्यात अख्खा सोल्डरॉन येतो आणि वर चहाचे पैसे उरतात. टीप पडली, आतला हीटर गेला, की फेका. घ्यायचा तर घ्या, पण जुना विकू नका एवढंच सांगतो.

ओहमचा_नियम
काका टीपचं बरोबर बोलले, पण तीच त्याची खरी गंमत आहे. साध्या आयर्नमध्ये हीटर मागे नळीत, तिथून उष्णता तांब्याच्या बीटमधून (टोकाच्या कांडीतून) पुढे सरकत येणार, म्हणून चार-पाच मिनिटं जातात. ह्यात हीटर आणि तापमानाचा सेन्सर दोन्ही टीपच्या आतच, टोकाला लागून. त्यामुळे लवकर तापतो हा एक भाग, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे जॉइंटला लावल्यावर टोक गार व्हायला लागलं की लगेच कळतं आणि तो पॉवर वाढवतो. साधा २५ वॅटचा स्टँडवर ठेवला की वाजवीपेक्षा जास्त तापतो, बीट काळी पडते, आणि बोर्डावरच्या मोठ्या पॅडवर टेकवला की दम सोडतो. लोकांना वाटतं कमी वॅट म्हणजे वायरला सेफ, पण जास्त वेळ धरून ठेवावा लागतो म्हणूनच लोडसेलच्या बारीक वायरचं इन्सुलेशन मागे सरकतं.

आता चार्जर. इथेच निम्मे लोक फसतात. टीपचा रेझिस्टन्स साधारण ८ ओहम, म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ८ करा: ९ व्होल्टला जेमतेम १० वॅट, १२ ला १८, २० ला ५०. मोबाईलच्या बऱ्याच ६७ वॅटवाल्या चार्जरवर ती पॉवर फक्त त्याच कंपनीच्या फोनला मिळते, बाकी कशालाही लावा, ९ व्होल्टवर बसतो. मग दहा सेकंद विसरा. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा, पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाईप-सी वरून जास्त व्होल्ट द्यायची पद्धत) लिहिलेलं आणि त्यात २० व्होल्ट असेल तरच उपयोग. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाईप-सी चार्जर मस्त चालतो.

ड्रोनवेडा_पुणे
आमच्या ड्रोनवाल्यांत हे आयर्न आधीपासून आहेत, कारण मैदानात लाईट कुठली, उडवायच्याच ४ सेल लायपो बॅटरीवर लावायचा. तुम्हाला लायपो नको, २० व्होल्ट पीडी देणारी पॉवर बँक घ्या. एकदा तापला की सतत ५० वॅट खात नाही, तापमान धरून ठेवायला थोडेच लागतात, त्यामुळे २०००० एमएएचची बँक दिवसभराच्या किरकोळ डागांना पुरून उरते. एक खोडी आहे. आयर्न हलवला नाही की तो झोपतो, करंट कमी झाला की पॉवर बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही आणि ती बंद पडते. पाईनसिलवर आयर्नओएस नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्याच्या सेटिंगमध्ये बँक जागी ठेवायला मधूनमधून करंटचा छोटा पल्स द्यायची सोय आहे, ती चालू करा. पाईनसिलला मागे गोल डीसी पिन पण आहे, गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून फ्यूज टाकून वायर काढली तर अडीनडीला १८-२० वॅट मिळतात, वायर जोडण्यापुरते.

आणि केबल सिलिकॉनची घ्या राव, साधी कडक केबल असली की पेन हातात फिरतच नाही.

जुना_सीआरटी
अर्थिंगचं कोणीच बोललं नाही. दोन पिनचा चार्जर, टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात, तेच टोक फॅट मशीनच्या बोर्डाला लावणार? टीएस१०० ला (टीएस१०१ च्या आधीचं मॉडेल) मागे अर्थिंगचा स्क्रू दिलाय तो काय शोभेला नाही. आणि इन्व्हर्टरच्या जाड वायरच्या लग्जला (टोकाच्या धातूच्या कड्यांना) हा पेन नेऊ नका, तिथे ६०-७५ वॅटचा जाड बीटचाच पाहिजे, नाहीतर वरून चकचकीत दिसेल आणि आत ड्राय सोल्डर, म्हणजे जॉइंट धरलेलाच नाही.

ओहमचा_नियम
काका एकदम पॉइंटावर. पण पॉवर बँकेवर असताना मेनचा संबंधच येत नाही, त्यामुळे ती झिणझिणी पण नाही, साईटवर उलट चांगलंच. फक्त काट्याची आतली बॅटरी काढूनच टोक लावायचं, कुठलाही आयर्न असो.

काटेवाला_सांगली
चार्जर बघितला, पीडीचं नावच नाही त्यावर 😄 बँक आणि आयर्न दोन्ही घेतो मग, सोल्डरॉन दुकानात राहील. सोबत येते तीच टोकदार टीप चालेल ना?

(आणि हो, काट्याचं सरकारी सील तोडायचं लायसन आहे माझ्याकडे, कोणी विचारायच्या आत सांगतो.)

ड्रोनवेडा_पुणे
टोकदार टीप फोटोत छान दिसते. वायर आणि पॅडला चपटी घ्या, डी२४ नावाने मिळते, कड पूर्ण टेकते त्यामुळे उष्णता पटकन जाते. ६०/४० ची (कथील-शिसं) सोल्डर वायर असेल तर ३२० डिग्रीवर सेट करा, त्याच्या वर उगाच नेऊ नका, टीपचं प्लेटिंग उडतं. आणि बॅगेत टाकायच्या आधी टोकाला थोडं सोल्डर लावूनच ठेवा.