ल्युसर्न आणि पिलाटस एका दिवसात: बाबांचे गुडघे, आईचा बर्फ. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन झुरिकला बहिणीकडे जातोय. दोघंही सत्तरीपुढचे, कोथरूडबाहेर फारसे न रमणारे. एक अख्खा दिवस ल्युसर्न आणि तिथला एखादा डोंगर यासाठी राखून ठेवलाय. डोंगर कुठला, यावरून घरात दोन तट पडलेत.

आईला बर्फ हवा. सोसायटीतल्या सगळ्या जणी टिटलिसच्या डोंगरावर जाऊन आल्यात, त्यामुळे फोटोत पायाखाली बर्फ नसेल तर गेलात कशाला, असा एकूण सूर. पण ती केबल कार थेट ३,०२० मीटरवर नेऊन सोडते आणि बाबांना बीपी आहे. शिवाय पायथ्याच्या एंगेलबर्गपर्यंत जाऊन येणं आलं. मग ल्युसर्नच्या वाट्याला टूरवाले देतात तसा दगडात कोरलेला सिंह, लाकडी पूल आणि घड्याळाचं दुकान एवढाच तासभर उरणार. ते मला नकोय.

बाबा रेल्वेतून निवृत्त. ल्युसर्नजवळच्या पिलाटस डोंगरावर चढणाऱ्या दातेरी रेल्वेबद्दल वाचल्यापासून ते दुसरं काही ऐकतच नाहीत. १८८९ सालची गाडी, कमाल चढ ४८ टक्के. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ, इथे दोन फुटांमागे जवळजवळ एक, हे भाजीवाल्यालाही सांगून झालंय. एवढ्या चढावर नेहमीचं उभं दातेरी चाक दातांवरून वर सटकलं असतं, म्हणून ती बांधणाऱ्या एडुआर्ड लोखरने रुळांमधल्या पट्टीला दोन्ही कडांना दात पाडले आणि दोन आडवी चाकं तिला बाजूंनी धरतात. बाबांनी हे लाटण्याच्या दोन बाजूंना डब्यांची झाकणं फिरवून आईला दाखवलं. आई म्हणाली, "बरं, पण बर्फ आहे का तिथे?"

तिसरा पर्याय रिगी. १,७९८ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दीडेकशे मीटर जास्त. स्विस ट्रॅव्हल पासवर फुकट, पिलाटसला निम्मं तिकीट पडतं. पण खरं सांगायचं तर मलाही पिलाटसच हवाय.

झुरिकहून आठच्या सुमारास निघालो तर पाऊण-एक तासात ल्युसर्न. तिथून बोटीने पिलाटसच्या पायथ्याचं आल्पनाखश्टाट, दातेरी गाडीने वर, पलीकडून केबल कारने क्रीन्सला उतरून बसने परत, हा गोल फेरा दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल का? ढग असले तर काय? आणि तिकीट इथूनच काढून ठेवायचं का?

प्रतिसाद १
तिकीट आधी काढू नका. शिखरावरचा वेबकॅम सकाळी चहा घेताना बघा. पांढरं धुकं दिसलं तर आधी गाव, दुपारी उघडलं तर डोंगर. सकाळी बोटीऐवजी ट्रेनने आल्पनाखश्टाटला जा, विसेक मिनिटं लागतात. बोटीत सकाळचे दीड तास जातात आणि ढग सहसा दुपारनंतर चढतात. बर्फाचं म्हणाल तर जूनमध्ये सावलीत एखादा ढिगारा मिळाला तर नशीब. आईंना आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद २
गोल फेऱ्याच्या मी विरोधात. क्रीन्सला उतरल्यावर बसपर्यंत उताराची पायपीट आहे, शिवाय मध्ये फ्रेकम्युंटेकला केबल कार बदलावी लागते. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. येता-जाता दातेरी गाडीच घ्या, बाबा दुप्पट खूश. खाली आल्यावर उरलेल्या वेळात बोटीने ल्युसर्नला परता, तेव्हा घाई नसते.
गावात लाकडी पुलाच्या छताखालची चित्रं बघा. १९९३ च्या आगीत बरीचशी जळाली, काही चौकटी अजून रिकाम्या आहेत. गावाच्या जुन्या तटाचे बुरूज चढायची गरज नाही, पण त्यातल्या घड्याळाच्या बुरुजाचे टोल खालून ऐकवा बाबांना. गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी वाजायचा मान त्याचा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! येता-जाता दातेरी गाडी पक्की. टोलाचं बाबांना सांगितलं, लगेच मनगटी घड्याळ मिळवून घेतलं. आईची समजूत बहीण काढेल. एकच राहिलं: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वर नेली तर चालतं का?

प्रतिसाद २
खुशाल न्या. हॉटेलच्या टेबलावर डबा उघडू नका, बाहेर बाकावर बसा. आणि पिवळ्या चोचीचे काळे पक्षी घिरट्या घालत असतात तिथे, दशमी हातात धरून फोटो काढत बसू नका.