अनुभव धागा: आपण नवखे आणि मागे पोरांचा जथा

परदेशात पहिल्यांदा पाय ठेवला आणि त्याच दिवशी दहा-वीस विद्यार्थ्यांची जबाबदारीही अंगावर आली, असे खान्देशातले बरेच जण मला माहीत आहेत. कुणी प्राध्यापकांसोबत मदतनीस म्हणून गेलं, कुणाला वयाने मोठा म्हणून गटप्रमुख केलं. स्वतःचं बस्तान बसायच्या आधी दुसऱ्यांचं बसवावं लागलं, त्या पहिल्या आठ-दहा दिवसांबद्दल लिहा. अहिराणीत, लेवा बोलीत, जसं सुचेल तसं. सुरुवात मी करते.

भुसावळ

एका सत्रासाठी अकरा विद्यार्थी जर्मनीला निघाले, त्यांच्यासोबत सहायक म्हणून मी. शनिवारी रात्री उशिरा पोचलो. रविवारी सकाळी पोरं भुकेली उठली आणि रस्त्यावर एक दुकान उघडं नाही. तिथे रविवारी किराणा बंद असतो हे मी वाचलं होतं, पण प्रवासाच्या गडबडीत वार कोणता हेच डोक्यातून गेलं. शेवटी सगळ्यांच्या बॅगा एका खोलीत उघडल्या. ज्वारीच्या बिबड्या, शेंगदाण्याची चटणी, दोघींच्या आयांनी बांधून दिलेल्या दशम्या, डबाभर दराब्याचे लाडू. विजेच्या शेगडीवर बिबड्या भाजल्या आणि खाली बसून सगळ्यांनी खाल्लं. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारीही चालू असतात, हे संध्याकाळी कळलं. माझं सगळं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं आणि मला स्टेशन आठवू नये, याची रुखरुख अजून आहे.

खरी दमछाक पुढच्या आठवड्यात झाली. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाने सही केलेला कागद सोबत लागतो. तिथे बरीचशी महत्त्वाची कागदपत्रं टपालाने येतात आणि पोस्टमन बघतो ते पेटीवरचं आडनाव. आमच्या एका मुलीचं बँकेच्या कार्डाचं पाकीट दोनदा परत गेलं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पासपोर्टात तिच्या नावापुढे वडिलांचं नाव. घरमालकाने तेच आडनाव समजून पेटीवर चिकटवलेलं. परक्या देशात स्वतःच्या नावाचं पत्र आपल्यापर्यंत पोचत नाही, याने ती पोर आतून हलली होती. त्या रात्री मी वहीच्या पुठ्ठ्याच्या अकरा पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर पासपोर्टातलं आडनाव ठळक अक्षरात लिहिलं, वरून चिकटपट्टी लावली. पुढच्या खेपेला कार्ड आलं. ती पेटीपाशीच उभी राहून रडली. माझ्या पेटीवर नाव लावायचं राहूनच गेलं होतं. बारावी पट्टी तिनेच कापून लावली.

शिरपूर

ताई, तुमचं वाचून बिश्केक आठवलं. किर्गिझस्तानात मी एमबीबीएसला गेलो तेव्हा आमच्या तुकडीत मीच वयाने मोठा. ज्याने आम्हाला नेलं त्याने विमानतळावरच सांगितलं, या एकोणीस जणांचं तू बघ. त्यानंतर आठवडाभर त्याचा फोन लागला नाही. मला स्वतःला रशियन अक्षर वाचता येत नव्हतं.

मग वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी ती अक्षरं आधी पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी पोरांना शिकवली. इंग्रजी पीसारखं दिसलं की 'र' म्हणायचं, एचसारखं दिसलं की 'न', सीसारखं दिसलं की 'स'. मार्श्रुत्का म्हणजे आपल्या काळी-पिवळीसारख्या छोट्या गाड्या. त्यांच्या काचेवरच्या पाट्या वाचायची आम्ही रोज तालीम करायचो. पाटी वाचता यायला लागली तशी पोरं एकेकटी बाहेर पडू लागली. शिरपूरहून सातपुडा उत्तरेला दिसतो. बिश्केकला बर्फाचे डोंगर दक्षिणेला. सकाळी खिडकीतून डोंगर बघितला की माझ्या दिशाच उलट्या व्हायच्या.

चौथ्या रात्री साक्री भागातला एक पोरगा जेवायला आला नाही. पासपोर्ट नोंदणीसाठी जमा केलेले होते आणि त्याला त्याच रात्री घरी जायचं होतं. बॅग भरून, बूट घालून पलंगावर बसलेला. सगळे त्याला हिंदीत समजावत होते. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "काय करी राह्यना भो?" त्याने मान वर केली. मग एक तासभर तो बोलला, सगळं अहिराणीत. म्हशीचं बोलला, आजीचं बोलला. मी फक्त ऐकलं. शेवटी त्याने स्वतःच बूट काढले. बाजारातून आणलेला जाड, गोल नान आणि घरचा ठेचा आम्ही दोघांनी खाल्ला. पासपोर्ट सगळे परत मिळेपर्यंत मलाही नीट झोप नव्हती, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आता तो डॉक्टर आहे.

रावेर

मी जपानमध्ये होते. विमानतळावरच निवासाचं कार्ड मिळतं. घर ठरलं की चौदा दिवसांत महापालिकेच्या कचेरीत जायचं, तिथे कार्डाच्या मागे पत्ता नोंदवून देतात. मी स्वतः पोचून तीन आठवडे झाले होते, आणि नव्या सहा मुलींना घेऊन मी तिथे. अधिकाऱ्याने एकेक नाव हळू वाचलं. जपानीत 'ल' नाही, त्याचा 'र' होतो. आमच्यातली लता रता झाली.

पाचव्या रात्री सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. भूकंपाचा इशारा. मला नियम माहीत होते: डोकं सांभाळा, टेबलाखाली जा, हादरे थांबले की दार उघडून ठेवा. टेबलाखालून मी एकेकीला हाक मारत होते आणि प्रत्येकीची 'ओ' मोजत होते. पाच झाल्या. सहावी न्हाणीघरात होती. ते दहा-पंधरा सेकंद मी विसरणार नाही. कुणाला काही झालं नाही. सकाळी बघते तर सहाही जणींनी बूट उशाशी ठेवलेले. मी काही बोलले नाही, माझेही तिथेच होते.

आणखी एक. दुकानात पहिल्यांदा केळी दिसली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, फिलिपिन्सचं लेबल लावलेली. आमची केळीची बाग आहे. मी ती पिशवी हातात धरून तिथेच थांबले. मुली विचारत होत्या, ताई, काय झालं?

पारोळा

मी विद्यार्थी नाही, बाप आहे. माझी लेक मार्चअखेरीस गेली, पोरींच्या गटाची प्रमुख म्हणून. पहिले नऊ दिवस तिने व्हिडिओ कॉल केला नाही, नुसता आवाज. मला वाटलं नेट नसेल. नंतर समजलं, एकीला खोली मिळाली नव्हती, तिला आपली खोली देऊन आमची पोर स्वयंपाकघरात जमिनीवर झोपत होती. तिच्या आईला दिसू नये म्हणून कॅमेरा बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकीच्या लेकी माहेरी आल्या. लिंबाला झोका बांधला होता. तो मी पावसाळ्यापर्यंत सोडला नाही.

नंदुरबार

मी येत्या सप्टेंबरात नऊ जणांना घेऊन जर्मनीला जातोय. आमचं विमान शनिवारी रात्री पोचतं. भुसावळच्या ताई, काय करू?

भुसावळ

दादा, मोठं स्टेशन वाटेत असेल तर तिथूनच दूध, पाव, फळं घ्या आणि मगच घरी जा. प्रत्येकाच्या हातबॅगेत दोन वेळचं पुरेल एवढं कोरडं ठेवा, मोठ्या बॅगेत नको. आणि नावांच्या पट्ट्या इथूनच छापून न्या. नऊ नाही, दहा.