लूव्र संग्रहालयात अर्ध्या दिवसात काय बघावं?

प्रश्न: पुण्याहून आईबाबांना घेऊन पॅरिसला जातोय. लूव्रसाठी मंगळवारची सकाळ ठेवलीये. मोनालिसा सोडून काय बघावं? आईचे गुडघे दुखतात.

उत्तर १: आधी वार बदला, मंगळवारी लूव्र बंद! बुधवारी-शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, संध्याकाळी गर्दी ओसरते. वेळेचा स्लॉट ऑनलाइनच घ्या.

उत्तर २: मोनालिसा देनों विंगमध्ये, दालन ७११. चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंमी, तेही काचेआड. मागून फक्त लोकांचे मोबाइल दिसतात. तिथेच पाठ फिरवा: समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेसेचं जवळपास १० मीटर रुंद लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बॅबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी याची कायदे कोरलेली शिळा रिशल्यू विंगमध्ये. सव्वादोन मीटर उंच काळा दगड, अक्षरं अगदी जवळून दिसतात.

उत्तर ३: आईंसाठी प्रवेशद्वाराच्या काचेच्या पिरॅमिडखालच्या चौकशी खिडकीवर व्हीलचेअर मागा, ओळखपत्र ठेवून फुकट देतात.