125 सीसीवरून 650 सीसीकडे जाताना मधली पायरी घ्यावी का?

प्रश्न

गेली दोन वर्षे मी 125 सीसीची एक साधी मोटारसायकल चालवतो आहे. आतापर्यंत तिच्यावर सुमारे 22,000 किलोमीटर झाले असून शहरातली गर्दी, रात्रीचा प्रवास, पाऊस आणि डोंगराळ रस्त्यावरची वळणे या सगळ्यांचा बऱ्यापैकी सराव झाला आहे. गाडीविषयी माझी काही तक्रार नाही. मात्र महामार्गावर ताशी 80 च्या पुढे ॲक्सिलरेटरची मूठ जवळजवळ पूर्ण पिळलेली असते, आणि एखाद्या लांब ट्रकला ओव्हरटेक करताना समोरचे वाहन अंदाजापेक्षा लवकर जवळ आले, तर वेग वाढवून निघून जाण्याइतकी ताकद गाडीत शिल्लक नसते. म्हणून आता मोठी गाडी घ्यावी, असे मनात आहे.

मागच्या महिन्यात एका मित्राची 650 सीसीची गाडी काही किलोमीटर चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर ती इतकी शांत आणि स्थिर वाटली, की आपण उगीच घाबरत होतो असे मला वाटू लागले. पुढे रस्त्याचा एक उखडलेला तुकडा आला. खड्ड्याच्या धक्क्याने माझे मनगट किंचित खाली दबले, मूठ पिळली गेली, गाडी झेपावली आणि त्या झेपेने मी मागे ओढला गेल्यामुळे मूठ आणखी पिळली गेली. क्लच दाबल्यामुळे मी सावरलो, पण तो एक क्षण अजून विसरता येत नाही. माझ्या गाडीवर असे शेकडो वेळा घडले असेल आणि मला ते कधी कळलेही नसेल, ही जाणीव मला अधिक अस्वस्थ करते.

थेट 650 सीसीची गाडी घेणे योग्य ठरेल, की मध्ये 300 ते 400 सीसीची गाडी वर्षभर चालवावी? आणि गाडी बदलण्यापूर्वी नेमका कशाचा सराव करावा? ज्यांनी हा बदल स्वतः केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1

आपण स्वतःच्या चुकीचे जे वर्णन केले आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. लहान गाडीवर मूठ ही आपल्याला बटणासारखी वापरायची सवय लागते: पूर्ण पिळायची किंवा पूर्ण सोडायची, कारण मधल्या फरकाने तिथे फारसे काही घडत नाही. मोठ्या गाडीवर तीच मूठ पाण्याच्या नळासारखी फिरवावी लागते आणि एका अंशाचा फरकही मागच्या चाकापर्यंत पोहोचतो. म्हणून मूठ बंद असताना ती पकडतानाच मनगट सपाट ठेवावे. मनगट वर उचललेले असेल, तर पहिल्याच धक्क्याला ते खाली येते आणि येताना मूठ पिळते. दुसरे म्हणजे गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी आणि कोपरे सैल ठेवावीत. शरीराचा भार हँडलवर असेल, तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा आपल्या हातांमार्फत इंजिनपर्यंत जातो. या दोन्ही सवयी 125 सीसीवर आजपासून लावता येतात. किंबहुना तिथेच त्या लावाव्यात, कारण तिथे चूक झाली तरी ती महागात पडत नाही.

ताकदीविषयी सर्व जण बोलतात, परंतु माझ्या मते खरी परीक्षा ब्रेकची असते. वेग दीडपट झाला की गाडी थांबवण्यासाठी शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते आणि टायरची पकड तितकीच असेल, तर थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना एका सेकंदात आपण जवळपास 17 मीटर पुढे जातो, तर ताशी 90 वेगाने 25 मीटर. ब्रेकला हात लावण्यापूर्वीच हे अंतर खर्च होते. मोठ्या गाडीवर ताशी 90 हा वेग आपल्या लहान गाडीवरच्या 60 सारखाच वाटतो, आणि इथेच डोळे आणि कान आपली फसवणूक करतात. इंजिन किंचाळत नाही, गाडी थरथरत नाही, त्यामुळे वेग जाणवत नाही. पहिले काही महिने वळणाच्या अलीकडे स्पीडोमीटरवर मुद्दाम एक नजर टाकावी, असे मी आग्रहाने सांगेन.

या संदर्भात एक जुना अभ्यास उल्लेखनीय आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील 900 मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली आणि 1981 साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की अपघातात सापडलेल्या चालकांचा रस्त्यावरचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता, मात्र त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांचा *त्या विशिष्ट गाडीवरचा* अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. आपले 22,000 किलोमीटर वाया जाणार नाहीत, पण ते जसेच्या तसे नव्या गाडीवर जमा होतील असेही समजू नये. त्याच अहवालातले आणखी एक निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते: संकटाच्या क्षणी बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक जाम केले आणि पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबण्याची बहुतांश क्षमता पुढच्या ब्रेकमध्ये असते. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, या भीतीने पुष्कळ जण आयुष्यभर मागच्या ब्रेकवरच गाडी चालवतात. लहान गाडीवर ते खपून जाते.

म्हणून माझा सल्ला असा आहे, की गाडी बदलण्यापूर्वी एखादा मोकळा, कोरडा आणि सरळ रस्ता शोधून ताशी 50 वेगावरून थांबण्याचा सराव करावा. एका ठरावीक खुणेपाशी ब्रेक लावायला सुरुवात करावी आणि आपण कुठे थांबलो ते पावलांनी मोजावे. पुढचा ब्रेक एकदम आवळू नये. आधी हलका दाबून पुढचे सस्पेंशन खाली बसू द्यावे आणि मग दाब वाढवत न्यावा. हा क्रम बोटांत मुरायला काही दिवस लागतात. नव्या गाडीला एबीएस जरूर असावे; पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, उशिरा लावलेला ब्रेक ते लवकर लावून देत नाही.

प्रतिसाद 2

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त गाडीच्या निवडीविषयी लिहितो, कारण प्रश्नात सीसीचा आकडा हाच मापदंड धरला गेला आहे आणि त्यातून दिशाभूल होण्याची शक्यता आहे.

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650 ही 648 सीसीची दोन सिलिंडरांची गाडी आहे आणि तिची ताकद 47 अश्वशक्तीच्या आसपास आहे. यामाहाची आर-सिक्स 599 सीसीची, म्हणजे कागदावर तिच्याहून लहान, पण तिच्या चार सिलिंडरांतून शंभराहून अधिक अश्वशक्ती निघते. चालकाचे वजन 70 किलो धरून गाडी आणि चालक यांच्या प्रत्येक 100 किलोमागे किती अश्वशक्ती येते याचा ढोबळ हिशेब केला, तर आपल्या 125 सीसीला सुमारे 6, इंटरसेप्टरला 16 ते 17 आणि आर-सिक्सला चाळिसाच्या वर असे आकडे येतात. 125 सीसीच्या तुलनेत इंटरसेप्टरची झेप जवळपास तिप्पट आहे, आर-सिक्सची सातपट. या दोन्हींना आपण '600 च्या वरची गाडी' किंवा 'साधारण 600 ची गाडी' म्हणून एकाच पंक्तीत बसवतो, हे मला धोकादायक वाटते.

केवळ किती ताकद आहे यापेक्षा ती कुठे मिळते, हेही पाहावे. इंटरसेप्टरसारख्या इंजिनात अडीच हजार आरपीएमपासूनच (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांपासूनच) टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचा, मोठा भाग हाती येतो, त्यामुळे मूठ पिळल्यावर काय होणार याचा अंदाज बांधता येतो. चार सिलिंडरांची स्पोर्ट गाडी खालच्या आरपीएमला अगदी सौम्य वागते, आणि नवख्या माणसाला ती आपल्या आवाक्यातली वाटते. तीच गाडी आरपीएम चढत गेल्यावर अचानक दुसऱ्याच स्वभावाची होते आणि नेमके त्या वेळी चालक वळणात किंवा ओव्हरटेकच्या मध्यावर असू शकतो.

मधल्या पायरीविषयी म्हणाल, तर युरोपातील परवान्यांची रचना विचार करण्यासारखी आहे. तिथे पहिल्या टप्प्यावर 125 सीसी आणि 11 किलोवॉट, दुसऱ्या टप्प्यावर 35 किलोवॉट म्हणजे साधारण 47 अश्वशक्ती, आणि त्यानंतर अमर्याद, अशी चढण आहे. दुसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत सीसीचा आकडाच नाही. ताकद आणि वजन यांचे प्रमाण मात्र आहे. या दृष्टीने पाहिले तर सौम्य इंजिनाची 650 सीसीची गाडी हीच आपली मधली पायरी ठरू शकते. याउलट केटीएमची 2023 पर्यंतची 390 ड्यूक 373 सीसीची असूनही तिची ताकद 43 अश्वशक्तीच्या घरात आहे आणि वजन बरेच कमी आहे, म्हणजे मुठीला ती इंटरसेप्टरपेक्षाही अधिक चटकन प्रतिसाद देते. 'चारशेची आहे, म्हणजे सोपी असणार' हे समीकरण मनातून काढून टाकावे.

प्रतिसाद 3

ताकदीबद्दल आणि वेगाबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे. माझी पहिली मोठी गाडी मात्र शून्य वेगावर पडली.

मी उंचीने कमी आहे. पार्किंगच्या जागेतून गाडी मागे घेताना जमिनीला थोडा उतार होता, याकडे माझे लक्ष नव्हते. डावा पाय टेकवायला गेले तेव्हा जमीन अपेक्षेपेक्षा दोन बोटे खाली होती. तेवढ्याने गाडी कलली आणि सव्वाशे किलोच्या गाडीला मी जशी पायाच्या जोरावर सावरत असे, तशी दोनशे किलोच्या गाडीला सावरायला गेले. गाडी पडलीच, शिवाय माझ्या गुडघ्याला दुखापत झाली. एका मर्यादेपलीकडे कललेली जड गाडी धरून ठेवता येत नाही. ती सोडून द्यावी आणि स्वतः बाजूला व्हावे, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. तिचा आरसा आणि क्लचचा लिव्हर बदलता येतो.

म्हणून विकत घेण्यापूर्वी ती गाडी इंजिन बंद ठेवून दहा मिनिटे नुसती ढकलून पाहावी, वळवून पाहावी, साइड स्टँडवरून उचलून पुन्हा लावून पाहावी. आणि आजच्या लहान गाडीवर चालण्याच्या गतीने गाडी नेण्याचा सराव करावा: हाफ क्लच, मुठीवर किंचित स्थिर रेस, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि नजर चाकाजवळ न ठेवता जिथे जायचे आहे तिथे. अशा गतीला पुढचा ब्रेक हँडल वळलेले असताना लावला, तर जड गाडी जागच्या जागी आडवी होते. मी हे एका महिन्यात दोनदा अनुभवले आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या प्रतिसादात सांगितल्याप्रमाणे दोन रविवार सकाळी ब्रेकचा सराव केला. पहिल्या दिवशी ताशी 50 वरून थांबायला मला 28 पावले लागली आणि मागे वळून पाहिले तर रस्त्यावर मागच्या टायरची काळी रेघ उमटलेली होती. मागचा ब्रेक मी इतका जोरात दाबत होतो, याची मला दोन वर्षांत कल्पनाही आली नव्हती. दुसऱ्या रविवारी सकाळभराच्या सरावानंतर 20 पावलांत गाडी थांबू लागली आणि रेघ उमटली नाही.

गाडी तीच, टायर तेच आणि रस्ताही तोच. ही आठ पावले इतके दिवस माझ्याजवळ होती आणि मी ती वापरत नव्हतो. आता घाई न करता आणखी तीन महिने हीच गाडी चालवायचे आणि त्यानंतर दोन सिलिंडरांची सौम्य 650 सीसीची गाडी घ्यायचे ठरवले आहे. नवी गाडी हाती आल्यावर पहिल्या दिवशी काय पाळावे, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 कडून

आठ पावलांचा फरक वाचून फार समाधान वाटले.

पहिल्या दिवशी मागे कोणालाही बसवू नये. निघण्यापूर्वी क्लच आणि ब्रेकचे लिव्हर आपल्या बोटांच्या अंतराप्रमाणे लावून घ्यावेत, कारण दुसऱ्याच्या हाताला बसणारा लिव्हर ऐन वेळी आपल्या बोटांना सापडत नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर गाडी फार कलवू नये आणि ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही. मग त्याच मोकळ्या रस्त्यावर जावे, त्याच खुणेपाशी ताशी 30 पासून सुरुवात करून हळूहळू 50 पर्यंत यावे आणि पावले पुन्हा मोजावीत. किती भरली ते इथे अवश्य कळवा.